रांजणात पुरलेला आवाज

मला आवाजाची किळस येते असं मी म्हटलं तर आमच्या बोरखडीतली माणसं हसतील. कारण चाळीस वर्षं या गावात सगळ्यात जास्त आवाज मीच केला. पिठाची गिरणी होती माझी, ऑइल इंजिनावर चालणारी. इंजिनाच्या धुराड्याच्या तोंडावर मी एक लोखंडी वाटी उपडी बसवली होती, बिजागरीवर हलणारी. धुराचा ठोका आला की वाटी उचलायची, पडायची, आणि 'कुक्... कुक्... कुक्' असा आवाज निघायचा. तीन गावांना ऐकू जायचा. तो सुरू झाला की बाया ज्वारीची पाटी डोक्यावर घेऊन घरातून निघायच्या, आणि थांबला की अर्ध्या वाटेवरून माघारी फिरायच्या. तो आवाज कामाचा होता. 'दळण घेऊन या' एवढंच सांगायचा. स्वतःविषयी काही बोलायचा नाही.

हरिओमच्या गाडीचा आवाज स्वतःविषयीच बोलायचा, आणि तेही गाव जेवायला बसलेलं असताना.

हरिओम माझ्या चुलतभावाचा नातू. सव्विशीचा. मोठ्या रस्त्यात जमीन गेली आणि मोबदला हाती आला तेव्हा त्याने पुण्याहून कुणाची तरी वापरलेली गाडी आणली. लाल, आणि इतकी बुटकी की खालून उंदीर जायचा तर त्याला कान पाडावे लागतील. इंजिनात कायकाय घालून ताकद वाढवलेली, बॉनेटवर हवा आत जायला हातभर भोक पाडलेलं, आणि मूळचा सायलेन्सर काढून तिथे मनगटाएवढी चकचकीत नळी लावलेली. सरळ नळी. मधे ना पडदा, ना वळण. इंजिनाच्या पोटात जे बिघडेल ते थेट गावाच्या तोंडावर. मला ती गाडी वाटायचीच नाही, अपचन झालेला रेडा वाटायचा. त्यातून त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागून फट्-फट्-फटाक् असे बार निघायचे आणि नळीतून वीतभर जाळ. मी एकदा म्हटलं, "बाबा, दाखव कुणाला तरी. बिघडली हाय ती."

"आबा, ते मुद्दाम करून घेतलंय," तो म्हणाला.

चारचौघांत असला आवाज काढायचा आणि वर मुद्दाम काढला म्हणायचं! आणि पारावरची पोरं त्यावर टाळ्या वाजवणार, मोबाइलमध्ये भरून घेणार, घरी जाऊन पुन्हा पुन्हा लावून ऐकणार. शिसारी आली मला. दुसऱ्याचं अपचन जपून ठेवणारी माणसं मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या आवाजाने दगडाबाईच्या कोंबडीने उकडलेलं अंडं घातलं. सोलून, मीठ लावून मीच खाल्लं. पोखर्णी आमच्यापासून लांब नाही. तिथला नरसिंह एकदा खांब फोडून बाहेर आलेला देव. या गाडीपायी तो दुसऱ्यांदा 'आता काय झालं रे' म्हणत डोकावला, असंही गावात कुणीतरी सांगत होतं. सांगणारा मीच होतो, पण ते जाऊ द्या.

आता खरं सांगतो. गाव ते फाटा असा दीड किलोमीटरचा एकच रस्ता. त्या रस्त्याला खेटून माझ्या धाकट्या सुनेची, बबिताची, रेशमाच्या किड्यांची शेड. पत्र्याची. आत मांडण्यांवर अळ्या, बाहेर एकरभर तुती. बबिता आणि माझा मुलगा शिवशंकर सात वर्षं दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. सहा महिने पाचटाच्या कोपीत राहायचे, पहाटेपासून ऊस तोडायचे, आणि होळीनंतर माघारी यायचे ते ओळखू येऊ नयेत असे. यंदा बबिताने ठरवलं, रेशीम जमलं तर कोयता कायमचा खाली ठेवायचा. तिने तो शेडच्या पहिल्याच खांबाला अडकवून ठेवला होता. येता-जाता डोळ्यासमोर राहावा म्हणून.

पहिली बॅच हरिओमने खाल्ली. म्हणजे गाडीने. अळ्या महिनाभर पाला खाऊन पिकतात, मग त्यांना जाळीदार चंद्रिकेवर ठेवायचं, तिथे त्या चार दिवसांत कोष विणतात. नेमक्या त्या चार दिवसांत गाडी सकाळ-संध्याकाळ रस्त्यावरून जायची, फाट्यावर पान खायला. गाडी गेली की पत्रे थरथरायचे, चंद्रिका थरथरायच्या, आणि विणायला टेकलेल्या अळ्या टपाटप खाली. खाली मुंग्या वाटच बघत असायच्या. वरून तो कच्च्या पेट्रोलचा उग्र धूर आत शिरायचा. हाती आले ते कोष असे की बोटाने दाबला तर पोचा पडावा. व्यापाऱ्याने मूठभर उचलले, नाकाला लावले, तोंड वाकडं केलं आणि परत टाकले.

बबिता हरिओमच्या दारात गेली होती. हात जोडून. तो म्हणाला, "काकू, अळ्यांच्या कानात कापूस घाला की!" आणि पारावरची पोरं खिदळली. ती घरी आली आणि पाला चिरत बसली. त्या दिवशी मला त्या पोराची जी किळस आली ती अजून जिभेवर आहे, कडू बदाम चावल्यासारखी.

दुसरी बॅच घेतली. अळ्यांनी चौथी कात टाकली. आता आठ दिवस त्या राक्षसासारख्या खाणार, आणि मग विणायला बसणार. ऊसतोडीचा मुकादम परवाच येऊन गेला होता. "जोडी पक्की धरू का?" शिवशंकरने दसऱ्यापर्यंत थांबायला सांगितलं.

आणि अळ्यांनी कात टाकली त्याच दिवशी दुपारी हरिओम माझ्या दारात आला. चालत! तोंड उतरलेलं, हातात कागद.

"आबा, परभणीत पोलिसांनी धरलं. आठ रोजात आवाज कमी करून गाडी दावायला लावलीय. न्हाईतर जप्त."

"मग जुना सायलेन्सर बसव."

"भंगारात इकला."

"नवा आण."

"पुण्याहून यायला महिना लागायलाय म्हणं. आबा, तुमीच करा कायतरी. तुमी न्हाई का इंजिनाचा आवाज रांजणात पुरला होता?"

झालं. माझीच थाप माझ्या दारात येऊन उभी राहिली.

ती गोष्ट अशी. खूप वर्षांपूर्वी सरपंचाच्या मुलीला बघायला पाथरीचे पाहुणे आले होते. सरपंचाचा वाडा गिरणीला लागून. कुक्-कुक्मुळे कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. मुलीला नाव विचारलं तर तिने वय सांगितलं. सरपंच धावत आले, "बन्सीधर, लग्न मोडंल!" मग मी काय केलं, तर जमिनीत रांजण पुरला, धुराड्याचं तोंड त्यात सोडलं, वर झाकण ठेवून शेणाने लिंपलं. इंजिन चालू, दळण चालू, आवाज बंद. सगळा आवाज रांजणात जमा. तो रांजण अजून तिथेच आहे, उकरला तर दोन तासांची कुक्-कुक् बाहेर येईल. ही गोष्ट मी पन्नास वर्षं सांगत आलो. लेकरं ऐकत वाढली. हरिओम तर माझ्या मांडीवर बसून ऐकायचा.

खरं काय घडलं ते तुमच्यापासून कशाला लपवू? मी इंजिन बंद केलं होतं. सकाळचं दळलेलं पीठ दुपारी वाटलं. एवढंच.

बबिता ओट्यावर पाला निवडत होती. तिने मान वर केली. "मामंजी, रांजणाची गोष्ट खरी हाय ना?"

आता सुनेपुढे काय बोलणार? "खरी न्हाई तर काय?"

"मग करून दावा. ह्याच्या गाडीवर." आणि हरिओमकडे वळून म्हणाली, "पर ऐक. गाडी इथून सुरू करायची न्हाई. फाट्यावर सिद्धोधनच्या दुकानात न्यायची, ती बी बैलं लावून. माझ्या शेडपुढून जाताना चावीला हात लावायचा न्हाई."

"बैलं? माझ्या गाडीला?"

"मग जप्त होऊ दे. आमी टाळ्या वाजवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल गाडीला माझी बैलजोडी जुंपली. बैलांनी मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांच्याही तोंडावर किळस होती, हे मी शपथेवर सांगतो. हरिओम आत सुकाणू धरून बसलेला, काचा वर केलेल्या, काळा चष्मा लावलेला. पारावरच्या पोरांनी त्याचंही शूटिंग केलं. ज्या पोरांनी कालपर्यंत 'भाऊ, भाऊ' केलं तीच आज "भाऊ, ॲव्हरेज किती देती? पेंडीवर का कडब्यावर?" असं ओरडत होती. मला हरिओमची कीव यायला हवी होती. नाही आली. पोरांचाही वीट आला, एवढंच.

सिद्धोधनचं फाट्यावर वेल्डिंगचं दुकान. नांगराचे फाळ, खिडक्यांचे गज, ट्रॉलीचे हूक अशी कामं. माणूस कमी बोलणारा आणि हाताचा पक्का. गाडी चार दगडांवर चढवली आणि आम्ही दोघे खाली शिरलो. नळीच्या तोंडाशी बोट फिरवलं तर काळी, चिकट काजळी हाताला अशी बसली की तीन साबण झिजले, वास जाईना. त्या हाताने मी दोन दिवस भाकरी खाल्ली नाही, चमच्याने खिचडी खाल्ली. आणि गाडीच्या आतलं काय सांगू? बाहेरून आरसा आणि आतून उकिरडा. सीटखाली गुटख्याच्या पुड्या, दाराच्या खिशात थुंकायची बाटली, अर्धी भरलेली, आणि त्यावर फुलांच्या वासाचा फवारा मारलेला. मेलेल्या घुशीवर मोगरा वाहिल्यासारखा वास. सिद्धोधन म्हणाला, "आबा, आवाज ऱ्हाऊ द्या, आधी हीच धुऊ का?"

"ऱ्हाऊ दे. आपल्याला फक्त मागच्या तोंडाचं काम दिलंय."

रांजण थाप होती, पण आवाज कसा मारायचा ते मला येत होतं. चाळीस वर्षं धुराड्याशी संसार केलेला माणूस मी. आवाज म्हणजे चिडलेला माणूस. त्याला सरळ वाट दिली तर तो दार फोडून जातो. चार खोल्यांतून फिरवा, प्रत्येक दार दुसऱ्या बाजूला ठेवा, शेवटच्या खोलीत पोहोचेपर्यंत तो कशासाठी चिडला होता हेच विसरतो. माझ्या गिरणीच्या इंजिनाचा जुना सायलेन्सरचा डबा अंगणात पडून होता. बारा वर्षांपूर्वी गिरणी बंद पडल्यापासून त्यात कोंबड्या अंडी घालायच्या. तो आणला. कापला. आत तीन पडदे बसवले, एकाचं भोक डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे, तिसऱ्याचं पुन्हा डावीकडे. मधून बारीक भोकं पाडलेली नळी घातली आणि तिच्याभोवती भांडी घासायच्या तारेच्या घासण्या ठासून भरल्या. बाजारातल्या सगळ्या घासण्या संपल्या. त्या आठवड्यात बोरखडीतल्या बायांनी राखेने भांडी घासली आणि मला शिव्या दिल्या.

डबा मोठा. गाडीच्या पोटाखाली मावेना. म्हणून मागे बाहेरच जोडला, गाभण म्हशीची कास लोंबावी तसा. त्याच्या तोंडावर माझी जुनी बिजागरीची वाटी अजून होती. सिद्धोधनने तिला टिचकी मारली. "आबा, ही काढू का?"

"ऱ्हाऊ दे. वाटीनं धूर दबतो."

दबतबिबत काही नाही. तेही खोटं. खरं कारण असं की त्याच सकाळी हरिओम दुकानामागे उभा राहून फोनवर बोलत होता आणि मी गाडीखाली होतो. "अरे, एका दिवसाचा तमाशा हाय. कागदावर सही झाली की संध्याकाळीच नळी परत बसवतो." आणि खरंच, काढलेली सरळ नळी त्याने टॉवेलात गुंडाळून डिकीत ठेवली होती, बारशाच्या लेकरासारखी. सहीचा दिवस म्हणजे आठवा. त्याच दिवशी बबिताच्या अळ्या चंद्रिकेवर चढणार होत्या. म्हणजे माझं सगळं काम एका दिवसाचं, आणि बबिताचा घात ठरलेलाच. माणूस इतका हलकट असू शकतो याची मला कल्पना होती, पण नात्यातला असल्यावर जरा जास्त मळमळतं. मी विचार केला, याला लाज कशाची वाटते? आवाज मोठा असण्याची नाही. आवाज गावठी असण्याची. म्हणून वाटी ठेवली. एक दिवस तर एक दिवस, लाजू दे.

सातव्या दिवशी दुपारी बबिता माझी भाकरी घेऊन दुकानात आली. डोक्यावर तुतीच्या फांद्यांचा भारा होता, तो तिने गाडीच्या मागे उतरवला. सिद्धोधनला म्हणाली, "दादा, मामंजींना जेवायला घेऊन बसा तिकडं सावलीला." आम्ही जेवलो. ती भारा उचलून गेली.

मग हरिओम आला आणि आम्ही गाडी सुरू केली.

आधी काही ऐकूच आलं नाही. डबा खाकरल्यासारखा झाला. आणि मग ती वाटी उचलली, पडली.

कुक्... कुक्... कुक्.

सिद्धोधनच्या हातातला हातोडा खाली आला. बारा वर्षांनी ऐकला मी तो. माझे हात आपोआप धोतराला पीठ पुसायला गेले.

हरिओमचं तोंड बघण्यासारखं झालं. "हे काय वाजायलंय?"

"आवाज कमी झाला का न्हाई?"

"कमी झाला, पर—"

त्याचं बोलणं अर्धंच राहिलं. फाट्याजवळच्या घरातून दगडाबाई निघाली होती. ऐंशीच्या पुढची बाई, कमरेत वाकलेली, डोक्यावर ज्वारीची पाटी. तिच्यामागे अजून दोघी. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. आवाज ऐकला आणि पाय उचलले, चाळीस वर्षांची सवय. दगडाबाईच्या घरात विजेची चक्की आहे, नातसुनेने घेतलेली. तरीही.

"बन्सी," ती धापा टाकत म्हणाली, "गिरणी कवा चालू केलीस? सांगितलं बी न्हाईस मेल्या! बारीक दळ हां, मागच्या बारीला जाडं दिलंस."

मागची बारी म्हणजे बारा वर्षांपूर्वीची.

"दगडाबाई, ही गिरणी न्हाई, गाडी हाय," सिद्धोधन म्हणाला.

तिने गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवरचं ते हातभर भोक तिला दिसलं. तिचा चेहरा उजळला. "हितं ओतू का?" आणि पाटी तिरकी केलीच. हरिओम ओरडला, "आज्जे!" आणि दोन्ही हातांनी भोक झाकून बॉनेटवर पालथा पडला. पसाभर ज्वारी आत गेलीच. ती नंतर इंजिनात फुटली आणि लाह्या झाल्या, पण ते तुम्हाला पटणार नाही, म्हणून सांगत नाही.

"आबा, ही वाटी काढा! आताच्या आता!"

"काढतो की. पर काढल्यावर आवाज किती वाढंल ते मला न्हाई सांगता यायचं. उद्या आवाज मोजायचं मशीन लावणार हायेत तुझ्या गाडीला."

तो दात खात बॉनेटवर सांडलेली ज्वारी झटकू लागला.

आठव्या दिवशी सकाळी मला शेजारी बसवून तो परभणीला निघाला. बसवून कसलं, झोपवून. त्या सीटवर बसायचं म्हणजे घमेल्यात बसल्यासारखं; गुडघे कानाला लागतात आणि समोर फक्त लोकांचे पाय दिसतात. थुंकायची बाटली माझ्या पायाशी डुचमळत होती. तीसच्या पुढे गाडी नेली की वाटी तोंडावर चिकटायची आणि इंजिनाला ठसका लागायचा. म्हणून हरिओमची ती वाऱ्याशी शर्यत लावणारी गाडी बैलगाडीमागून चालली होती. कुक्... कुक्... कुक्. वाटेत प्रत्येक गावात एखादी तरी म्हातारी उंबऱ्यावर उठून उभी राहायची आणि आत वळून ओरडायची, "अगं, पाटी कुठाय?" एका गावात तर चार बाया दळण घेऊन मागे लागल्या. मोटरसायकलवाले पुढे जाताना वळून बघायचे आणि हसायचे. हरिओमने काळा चष्मा लावला, मग टोपी घातली, मग टोपी डोळ्यांवर ओढली.

परभणीत साहेबांनी मशीन लावलं, आकडा बघितला, पुन्हा लावलं. "बसतं नियमात," ते म्हणाले. मग वाकून डबा बघितला, वाटी बघितली. बराच वेळ ऐकत उभे राहिले. "आमच्या आजोळला अशी गिरणी होती, चारठाण्याला. ही कुणी बनवली?"

हरिओमने माझ्याकडे बोट केलं, गुन्हेगार दाखवावा तसं.

"काढू नको रे हे," साहेब त्याला म्हणाले. "लय दिवसांनी ऐकलं."

सही झाली. दुपारी आम्ही फाट्यावर परत आलो. हरिओम गाडीतून उडी मारूनच उतरला. "सिद्धोधन, मशीन चालू कर! काढ ही घाण! माझी नळी बसव!" त्याने डिकी उघडली, टॉवेल उचलला, उलगडला.

आत तुतीचा सोटा होता. मनगटाएवढा. साल काढून गुळगुळीत केलेला.

तो माझ्याकडे वळला. "आबा. नळी कुठाय?"

"मला काय म्हाईत?"

"शपथ घ्या!"

"पोखर्णीच्या नरसिंहाची आण. मी न्हाई घेतली."

आयुष्यात पहिल्यांदा मी शपथेवर खरं बोललो होतो आणि एकानेही विश्वास ठेवला नाही. सिद्धोधन तर चक्क खाली मान घालून हसला. हरिओमने माझी गिरणी उपसली, दुकान उपसलं, माझ्या पेटीतली धोतरं उलथी केली. आमच्या कोठीत टॉर्च मारला. नळी नाही. नवी मागवली तर महिना. मग तो त्याच गाडीने घरी गेला, शेडपुढून, कुक्-कुक् करत. मी शेडच्या दारात उभा होतो. अळ्या चंद्रिकेवर चढायला लागल्या होत्या, अंग पिवळट, काचेसारखं झालेलं. पत्रा हलला नाही. एकाही अळीने मान फिरवली नाही.

त्यानंतर गाडी बाहेर निघालीच नाही. हरिओमने तिच्यावर ताडपत्री टाकली. फाट्यावर पान खायला तो चालत जाऊ लागला, आणि पारावरून गेला की एखादं पोर हळूच तोंडाने 'कुक्' करायचं. काल ज्याच्या अपचनाला टाळ्या मिळत होत्या त्याला आज चांगल्या कामाच्या आवाजाची लाज वाटते, याचीही मला किळसच आली. आमचं गाव म्हणजे असं. इथे कुणाचं कौतुक करावं असं कधी घडत नाही, फक्त कमी-जास्त ओकारी येते.

पण कोष आले. पाचव्या दिवशी बबिताने चंद्रिकेवरचा एक कोष काढून माझ्या तळहातावर ठेवला. पांढरा, बोरासारखा टणक. मी अंगठ्याने दाबला, सगळा जोर लावून. दबला नाही. व्यापाऱ्याने पोतं उघडलं, मूठभर उचलले, नाकाला लावले, आणि दुसरी मूठ घेतली. एवढ्यावरून मला कळलं. मुकादम दसऱ्याच्या आधी पुन्हा आला तेव्हा शिवशंकरने त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने पाठवला.

त्याच संध्याकाळी बबिताने मला तुतीच्या बांधाकडे नेलं. खांबावरचा कोयता तिच्या हातात होता. पुढच्या बॅचसाठी ती त्यानेच फांद्या छाटत होती. एका ओळीच्या टोकाला माती नवी दिसत होती. तिने ती कोयत्याने बाजूला केली. खाली रांजणाचं तोंड. आमच्याच घरातला रांजण, पाण्याचा, तडा गेलेला. वर झाकण, शेणाने लिंपलेलं. तिने झाकण उचललं. आत ती चकचकीत नळी उभी होती.

"भाऱ्यात घालून आणली," ती म्हणाली. "नळी डिकीत हाय हे सिद्धोधनदादांनीच सांगितलं होतं."

मी वाकून रांजणाच्या काठावरून बोट फिरवलं.

"आत्याबाईंनी मला लग्नाच्या साली सांगितलं होतं, मामंजी. तवा तुमी इंजिन बंद केलं होतं, आन् रांजण घरात पाण्याला होता म्हणून. हाच रांजण." म्हणजे माझ्याच बायकोने माझं गुपित कधीच फोडलं होतं. बबिताने झाकण परत बसवलं. "आता पुरलाय. आता कुणाला बी सांगा. खोटं न्हाई पडायचं."

मी घरी आलो. आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगू? त्या गोष्टीची चवच गेली. पन्नास वर्षं मी ती सांगत होतो कारण तिच्यात काहीही नव्हतं. आता तिच्यात एक रांजण आहे, एक नळी आहे, साक्षीला सून आहे. खरी गोष्ट म्हणजे फोडणी न दिलेलं वरण. घशाखाली उतरत नाही.

महिन्याने हरिओम ओट्यावर येऊन बसला. नवी नळी त्याने मागवली नव्हती. गाडी विकायला काढली होती आणि गिऱ्हाईक डबा बघून परत जात होतं. उठून त्याने बैलांपुढचा कडबा नीट सारला. मग म्हणाला, "आबा, एक विचारू? त्या रांजणाची गोष्ट... खरी होती का हो?"

बांधावरून बबिताच्या कोयत्याचा खच्-खच् आवाज येत होता. मी पान लावलं, चुना बोटाने पुसला.

"न्हाई रे बाबा," मी म्हणालो. "थाप होती."